वनराज भाटिया : रेकॉर्डिंगच्या पलीकडे काय उरलं?

गोदातीर (धागाकर्ती)

७ मे २०२१ रोजी मुंबईत संगीतकार वनराज भाटिया गेले. ३१ मेला त्यांना ९४ वर्षं पूर्ण झाली असती. सध्या कोरोनाच्या लाटेत रोज उठून इतक्या जवळच्या माणसांच्या बातम्या कानावर येताहेत की ही बातमी कुठे विरून गेली ते कळलंही नाही. त्याबद्दल कुणाला बोल लावावा असं वाटत नाही. पण माणूस फार मोठा होता. सगळे घरात बसून आहोत तोवर त्यांच्याबद्दल नीट बोलून घेऊ, म्हणून आपल्या नाशिककरांच्या मंचावर हा धागा.

श्रद्धांजलीच्या मजकुरात सगळीकडे 'समांतर सिनेमाचे संगीतकार' हा एकच शिक्का दिसतोय. अंकुर, निशांत, मंथन, भूमिका, जुनून, कलयुग, मंडी, त्रिकाल ही श्याम बेनेगलांची चित्रपटमालिका. गोविंद निहलानींचं तमस, ज्यासाठी भाटियांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दूरदर्शनवरची भारत एक खोज. १९८९ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, २०१२ मध्ये पद्मश्री. हे सगळं खरंच आहे आणि त्याची यादी कुठेही मिळेल. मला बोलायचंय ते त्यांच्या संगीत लिहिण्याबद्दल. लिहिणं म्हणजे अक्षरशः कागदावर, पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेषांवर, प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी.

आपल्या सिनेसंगीतात बहुतेक संगीतकार पेटीवर चाल बांधतात, गाऊन दाखवतात आणि वाद्यमेळाचं लेखन अरेंजर करतो. सेबॅस्टियन डिसूझांसारखे अरेंजर नसते तर शंकर-जयकिशनच्या व्हायोलिनच्या ताफ्याचा आवाज तसा झाला नसता, हे आता सगळेच मान्य करतात. भाटियांना या वाटणीची गरज नव्हती. चाल त्यांची, तिच्याखालचा वाद्यमेळही त्यांचाच.

हे आलं त्यांच्या शिक्षणातून. कच्छी कुटुंबात जन्म. लहानपणी हिंदुस्थानी संगीताचे धडे देवधर स्कूल ऑफ म्युझिकमध्ये. पुढे किशोरवयात चायकोव्हस्कीचा पियानो कॉन्चेर्टो कानावर पडला आणि मुलगा पियानोकडे वळला. एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजीत एम. ए., मग लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक, तिथलं सुवर्णपदक, आणि त्यानंतर पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे. या बाईंचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही, म्हणून दोन वाक्यं. विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य रचनाकारांच्या त्या गुरूच होत्या. आरन कोपलंड, फिलिप ग्लास, क्विन्सी जोन्स, अर्जेंटिनाचे पियाझोला हे सगळे त्यांचे विद्यार्थी. पियाझोला आपली टँगोची पार्श्वभूमी लपवून युरोपी ढंगाच्या रचना घेऊन गेले, तर बूलांजेंनी त्यांचा टँगोच वाजवून घेतला आणि सांगितलं की तुझं खरं इथे आहे. विद्यार्थ्याची माती न काढता त्याला शिस्त लावणारी ही गुरू. भाटियांकडे पाहिलं की हे पटतं.

१९५९ मध्ये ते परत आले. १९६० ते ६५ दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवलं. पोटापाण्यासाठी जाहिराती केल्या आणि त्यांची संख्या सात हजारांच्या वर गेली. धबधब्याखालची लिरिलची जाहिरात आठवते ना? तीही त्यांचीच. अंकुर आला १९७४ मध्ये. म्हणजे पहिला चित्रपट केला तेव्हा ते ४६-४७ वर्षांचे, पूर्ण तयार रचनाकार होते. पियानोसाठी फँटेझिया आणि फ्यूग, चेलोसाठी रेव्हरी, वाद्यवृंदासाठीच्या रचना हे सगळं सिनेमाच्या आगेमागे चालूच होतं. २०१९ च्या जानेवारीत चेलोवादक यो-यो मा मुंबईत आले तेव्हा त्यांनी ही रेव्हरी वाजवली. गिरीश कार्नाडांच्या 'अग्निवर्षा' नाटकावर त्यांनी ऑपेरा लिहिला आणि त्याचे पहिले दोन अंक २०१२ मध्ये न्यूयॉर्कला सादर झाले.

आता माझा मुद्दा. सिनेसंगीतकार गेला की मागे रेकॉर्डिंग राहतं आणि आपण ते ऐकत राहतो. भाटियांचं तेवढ्यावर भागत नाही. जे कागदावर लिहिलंय ते कुणीतरी वाजवायला घेतलं तरच आहे. त्यांचा वारसा ऐकणाऱ्यांइतकाच वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांच्या हातात आहे, आणि तो फक्त मुंबई-न्यूयॉर्कच्या लोकांनी सांभाळावा असं काही नाही.

नाशिकशी काय संबंध, असं कुणी विचारेल. देवधर स्कूल चालवणारे प्रा. बी. आर. देवधर हे पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य. पलुस्करांचा रामनाम आधार आश्रम आपल्या पंचवटीत होता. गाणं लिहून ठेवता यावं म्हणून स्वतःची स्वरलिपी करणारा माणूस आपल्या गावात राहिला. बंदिश कागदावर उतरवली म्हणून ती मरत नाही, उलट चार गावं फिरते, ही समज या परंपरेतलीच आहे. भाटियांना त्यात पाहिलं तर ते परके वाटत नाहीत.

तुम्ही त्यांचं काय ऐकलंय? कुठून सुरुवात करावी असं नव्या माणसाला सांगाल?

सूरपेटी

फार चांगला धागा, ताई. मी तीस-पस्तीस वर्षं पेटीची साथ करतोय, त्या बाजूने लिहितो.

सुरुवात 'भूमिका'पासून करावी. हंसाबाई वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावरून घेतलेला, १९७७ चा. नायिका स्मिता पाटील, आपल्या शिरपूरच्या पाटलांची. या चित्रपटात एका नटीचं आयुष्य आणि त्याबरोबर सिनेसृष्टीची दोन-तीन दशकं सरकत जातात, त्यामुळे संगीतकाराला प्रत्येक काळाची गाणी त्या त्या काळासारखी करावी लागली. जुन्या बोलपटातलं गाणं आणि पन्नासच्या दशकातलं गाणं यांची चाल वेगळी, ठेका वेगळा, गायकाने शब्द फेकण्याची पद्धत वेगळी. हे नक्कल म्हणून करणं सोपं असतं. भाटियांनी त्या काळात ते गाणं खरंच चाललं असतं अशा इमानाने केलंय.

त्यातला एक तुकडा मात्र कानात साठवून ठेवण्यासारखा. आजी छोट्या नातीला गाणं शिकवते. तिथे आवाज आहेत सरस्वतीबाई राण्यांचा आणि त्यांच्या नातीचा, मीना फातर्पेकरांचा. अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलगी आपल्या नातीबरोबर गातेय आणि पडद्यावरही आजी-नातच आहे! आता यात भाटियांनी केलं काय, असं कुणी म्हणेल. कुणाचा गळा कुठे बसवायचा हे कळणं आणि तिथे स्वतः मधे न येणं, हे त्यांनी केलं. पॅरिसहून शिकून आलेल्या माणसाला इथे दोन व्हायोलिनं घालायचा मोह झाला नसेल का? साथीला बसणाऱ्याला विचारा, न वाजवणं किती अवघड असतं ते.

निफाडकर

आमच्याकडे भाटिया म्हणजे 'मेरो गाम काठा पारे'. दूध संकलन केंद्रावर सकाळी कॅन उतरत असताना रेडिओवर हे लागलं की माणसं थांबायची. मंथनसाठी गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातलं गाणं त्यांच्याच मापाचं झालं हे जास्त महत्त्वाचं. प्रीती सागर यांना त्यासाठी फिल्मफेअर मिळालं. गाण्याचे शब्द त्यांच्या बहिणीचे, नीती सागर यांचे.

मला संगीतातलं काही कळत नाही. पण गायीम्हशीवाल्या माणसाला हे गाणं आपलं वाटतं, आणि ते बांधणारा माणूस लंडन-पॅरिसला शिकलेला होता हे आज तुमच्या धाग्यामुळे कळलं. फार बरं वाटलं.

शरणपूरकर

गोदातीर ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मला लिहायला भाग पाडलं.

मी शरणपूरच्या चर्चच्या गायकवृंदात आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते. आमचं 'उपासना संगीत' हातात घेतलंत तर कळेल, एकाच पुस्तकात पाश्चात्त्य चालींवरची चार आवाजांत गायची गीतं आहेत आणि पेटी-तबल्यावर म्हणायची रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनंही. एकाच रविवारी आम्ही दोन्ही गातो. त्यामुळे पूर्व आणि पश्चिम हे दोन वेगळे कप्पे आहेत असं मला कधी वाटलंच नाही, आणि म्हणूनच भाटिया मला फार जवळचे वाटतात.

चार आवाजांचं गाणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगताना मी घोंगडीचं उदाहरण देते. चौघांनी चार टोकं धरली तरच ती ताणून बसते, एकानेही सोडलं की लोळागोळा. सोप्रानोकडे, म्हणजे बायकांच्या वरच्या आवाजाकडे, चाल असते, ती सगळ्यांना ओळखू येते. आल्टोची ओळ एकटीच ऐकली तर हे कुठलं गीत आहे ते आमच्या घरच्यांनाही सांगता येत नाही. तालमीत प्रत्येक आवाज आधी वेगळा बसवतात. मग एका संध्याकाळी चारही एकत्र येतात आणि आपण इतके दिवस घोकत होतो त्या विचित्र ओळीचा अर्थ त्या क्षणी कळतो. ती सवय लागली की कुठलंही वृंदगान ऐकताना कान आपोआप खालच्या आवाजाकडे जातो. भाटियांच्या संगीतात तिथे नेहमी काहीतरी सापडतं.

एक निरीक्षण लिहिते. '३६ चौरंगी लेन' कोलकात्याच्या अँग्लो-इंडियन शिक्षिकेची गोष्ट, 'त्रिकाल' पोर्तुगीज राजवट संपत आलेल्या गोव्यातल्या ख्रिस्ती घराण्याची, विजयाबाई मेहतांचा 'पेस्तनजी' पारशांचा. तिन्हींचं संगीत भाटियांचं. या घरांमध्ये पियानो असतो, तिथली माणसं तसलंच संगीत ऐकत लहानाची मोठी होतात. भाटियांनी त्यांना त्यांचंच संगीत दिलं. हिंदी सिनेमात ख्रिस्ती माणूस आला की दारूची बाटली आणि गिटार ठरलेली असायची. आमच्यासारख्यांना त्याचा किती त्रास व्हायचा ते इथे पहिल्यांदाच मोकळेपणाने लिहितेय. त्रिकाल पाहिला तेव्हा माझ्या आईला वाटलं होतं, हे घर कुणीतरी आत जाऊन पाहिलेलं दिसतंय.

ऋक्पाठी

नमस्कार. मी पंचवटीत राहतो, ऋग्वेदाचं अध्ययन केलेला आहे. या विषयावर आमच्या मंडळींमध्ये जुना मतभेद आहे, तो इथे मांडतो.

भारत एक खोज १९८८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. ५३ भाग. रविवारी सकाळी पाठशाळेला सुटी असायची आणि शेजारच्या वाड्यात टीव्ही होता. आम्ही मुलं ओसरीवर बसायचो. पडद्यावर पहिली अक्षरं यायच्या आत 'नासदासीन्नो सदासीत्तदानीम्' ऐकू आलं आणि आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं, नासदीय सूक्त. ऋषी परमेष्ठी प्रजापती, छंद त्रिष्टुभ, ऋचा सात. आम्ही ते पाठ म्हणत होतो, संथा घेत होतो, पण त्यात काय विचारलंय याकडे त्या वयात लक्ष गेलं नव्हतं. पुढे वसंत देवांच्या हिंदी शब्दांवर ते वृंदगान सुरू झालं आणि अंगावर काटा आला. शेवटच्या श्रेयनामावलीला हिरण्यगर्भ सूक्त, तेही दहाव्या मंडलातलंच, १२१ वं.

मतभेद असा की वेदपठणात उदात्त, अनुदात्त, स्वरित या तीन स्वरांच्या बाहेर पाऊल टाकायचं नसतं. खाली आडवी रेघ, वर उभी रेघ, बास. स्वर चुकला तर अर्थ चुकतो, ही आमची शिकवण. त्यामुळे सूक्त घेऊन त्यावर वाद्यं वाजवणं आमच्यातल्या काही ज्येष्ठांना अजिबात मान्य नव्हतं. त्यांचा आदर ठेवून माझं मत सांगतो. भाटियांनी ऋचेला आधी तिची जागा दिली आणि वृंदगानाचा विस्तार हिंदी शब्दांवर उभा केला. पठण आणि गायन यांची सरमिसळ केली नाही. शिवाय हे सूक्त प्रश्नांचं आहे. सृष्टी कुठून आली हे कोण जाणतो, वरून पाहणारा तरी जाणतो की तोही नाही, अशा जागी ते थांबतं. एवढ्या प्रश्नाला एकट्याचा आवाज पुरणार नाही, समुदायच हवा, हे त्या संगीतकाराला उमगलं होतं. मी आजही विद्यार्थ्यांना हे सूक्त शिकवताना आधी संथा देतो आणि ते पाठ झालं की मोबाईलवर हे ऐकवतो.

कॉलेजरोड

सगळ्यांचे प्रतिसाद मनापासून आवडले. तरी एक वेगळं मत मांडतो, राग नसावा.

त्यांच्या गाण्यांपैकी सामान्य माणसाच्या तोंडी असलेली गाणी किती? 'मेरो गाम', जुनूनमधलं रफीसाहेबांचं 'इश्क ने तोडी', फार तर प्रीती सागर यांचं 'तुम्हारे बिन जी ना लगे'. त्याच दशकात बाकीच्यांनी किती चाली दिल्या! संगीतकाराचा वारसा लोकांच्या ओठांवर मोजायचा नाही तर कशावर मोजायचा? अभ्यासकांना त्यांची लेखनाची बाजू महत्त्वाची वाटेल, पण गाव गुणगुणत नसेल तर काही पिढ्यांनी काय उरेल?

गोदातीर

@कॉलेजरोड, राग कसला, प्रश्न अगदी रास्त आहे.

गुणगुणणं हे माप खरं आहे, पण ते गाण्याचं माप आहे. चित्रपटाच्या संगीताला दुसरंही माप लागतं. तमस पाहिलेल्या कुणालाही विचारा. शीर्षकाबरोबर येणारी ती आर्त हाक. १९८८ मध्ये ते दूरदर्शनवर लागलं तेव्हा माझी आजी स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही, कारण ती हाक तिला सहन व्हायची नाही. फाळणीशी तिचा काही संबंध नव्हता, ती कधी जिल्ह्याबाहेरही गेली नव्हती. ती हाक कुणी गुणगुणत नाही. गुणगुणू नये अशीच ती केलेली आहे. पण ज्याने ऐकली त्याच्या डोक्यातून ती जात नाही.

अंकुर परत पाहा. संगीत इतकं मोजकं आहे की संगीतकाराला इथे काम काय होतं असं वाटावं. जाहिरातीत तीस सेकंदांत सगळं सांगायची सवय असलेला माणूस दोन तासांच्या चित्रपटात गप्प बसतो, याला माझ्या लेखी फार मोठी ताकद लागते.

आणि चालींचंच म्हणाल तर 'सरदारी बेगम' ऐकलंत का? १९९६ चा चित्रपट. ठुमरी गाणाऱ्या बाईची गोष्ट, शब्द जावेद अख्तरांचे आणि आवाज आपल्या आरती अंकलीकर-टिकेकरांचा. त्यातलं 'मोरे कान्हा जो आए पलट के' रात्री हेडफोन लावून ऐका आणि मग इथे येऊन सांगा. ६९ वर्षांचा माणूस, उभं आयुष्य पाच रेषांवर लिहिलेला, ठुमरीच्या अंगाला एवढा कसा मुरला असेल! निशांतमध्ये त्यांनी कुली कुतुबशहाची दखनी गझल घेतली, जुनूनमध्ये अमीर खुसरो. ज्या मातीतली गोष्ट, त्या मातीतला कवी शोधायचा आणि मग चाल.

सूरपेटी

ताईंच्या मुद्द्याला जोड देतो. शास्त्रीय संगीत सिनेमात आधीही होतंच. आपल्या नाशिकला जन्मलेले द. वि. पलुस्कर, बापूराव, १९५२ च्या बैजू बावरामध्ये अमीर खाँसाहेबांबरोबर गायले. 'आज गावत मन मेरो झूम के'. नौशादसाहेबांनी दोन दिग्गज समोरासमोर बसवले आणि ती मैफल सिनेमात अमर झाली. तिथे रागाची झुंज हाच प्रसंग होता.

भाटियांचं वेगळं. त्यांच्याकडे राग कुणाच्या तरी घरातला असतो. भूमिकेत तो आजीकडून नातीकडे येतो, सरदारी बेगममध्ये तो बाईची कमाई आणि तिचं दुखणं, दोन्ही असतो. गाणं थांबलं तरी गोष्ट थांबत नाही. मला दोन्ही प्रकार प्रिय आहेत, पण पुढच्या पिढीच्या संगीतकारांनी शिकायचं असेल तर दुसऱ्यातून जास्त शिकता येईल.

कॉलेजरोड

सरदारी बेगम काल रात्री ऐकलं. दोनदा. अंकलीकरबाईंचा आवाज 'पलट के'वर वळतो ती जागा परत परत मागे नेऊन ऐकली. माझा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही, पण हे आधी ऐकायला हवं होतं असं नक्की वाटलं. बाकीच्या चित्रपटांची नावं टाकत राहा.

देवळालीकर_फौजी

जय हिंद. सेनेच्या बँडमध्ये होतो, क्लॅरिनेट. निवृत्तीनंतर देवळालीत स्थायिक. धागा पहिल्यापासून वाचतोय.

लिहिलेल्या संगीताबद्दल जे ताईंनी म्हटलंय ते आम्ही रोज जगलोय. पचमढीला आमचं संगीताचं शिक्षण झालं. तिथे केरळचा, नागालँडचा, साताऱ्याचा, गढवालचा मुलगा एका बाकावर बसून स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांची स्वरलिपी, शिकतो. एकमेकांची भाषा येत नाही, पण समोर कागद ठेवला की संध्याकाळपर्यंत धून उभी राहते. बँडमास्तर बदली होऊन जातो, वाजवणारे निवृत्त होतात, कपाटातले पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याची लिहिलेली पानं, मात्र तिथेच असतात आणि नवीन मुलगा तेच पान उघडून पुढे वाजवतो. म्हणून 'कागदावर उरलेलं संगीत' हे ऐकायला कोरडं वाटत असेल, पण आमच्यासाठी ती सर्वांत जिवंत गोष्ट आहे.

भारत एक खोजच्या शीर्षकगीताबद्दल एक सुचवू का? रेकॉर्डिंग ऐकून त्यातले आवाज वेगळे काढणं आणि लिहून काढणं मला जमेल. वेळ लागेल, पण सध्या वेळच वेळ आहे. शरणपूरकर ताईंचा गायकवृंद, ऋक्पाठी गुरुजींचे विद्यार्थी पठणाला, आणि सूरपेटी काका. सगळं आपल्या गावातच आहे की.

ऋक्पाठी

फौजी काका, कल्पना ऐकून आनंद झाला. पठणाला आमची मुलं नक्की येतील. एकच विनंती, पठण चालू असताना खाली कुठलंही वाद्य नको, तंबोराही नको. ते संपल्यावर दोन श्वासांची शांतता आणि मग वृंदगान. एवढं पाळलं तर आमच्या ज्येष्ठांनाही मी घेऊन येऊ शकेन.

शरणपूरकर

आमच्या वृंदप्रमुखांशी फोनवर बोलले. तयार आहेत. सध्या एकत्र तालीम शक्य नाही. गाणं म्हणजे तोंड उघडून जोरात श्वास सोडणं, बंद खोलीत तर नकोच. तोवर प्रत्येक आवाजाची ओळ वेगळी गाऊन ध्वनिमुद्रित करून पाठवू, म्हणजे ज्याने त्याने घरी घोकावी. अडचण एकच आहे. आमच्याकडे सोप्रानोला मुली कमी आहेत. गायनाच्या क्लासच्या मुली चालतील का? पण त्यांना स्टाफ नोटेशन येत नसेल.

सूरपेटी

चालतील म्हणजे काय, धावतील. माझ्याकडे येणाऱ्या सात-आठ जणी चांगल्या सुरात आहेत. फौजी काकांनी पाच रेषांवर लिहिलं की मी ते सरगममध्ये उतरवून देतो. प्रत्येक आवाजाची वही वेगळी करू. आमच्या मुलींना एक गोष्ट मात्र शिकवावी लागेल. शेजारची वेगळा सूर लावत असताना आपला सोडायचा नाही. आपल्याकडे सगळं शिक्षण गुरूच्या सुरात सूर मिळवण्याचं, त्यामुळे हे त्यांना जड जाईल. शरणपूरकर ताई, यासाठी तुम्ही एखादा तास घ्याल का?

शरणपूरकर

आनंदाने. आणि बदल्यात तुम्ही आमच्यातल्या दोघीतिघींना 'मोरे कान्हा' बसवून द्यायचं.

गोदातीर

मला लिहायला शब्द सुचत नाहीयेत, इतका आनंद झालाय. काही व्यवहाराच्या गोष्टी नोंदवून ठेवते.

जाहीर कार्यक्रम करायचा तर परवान्याची रीतसर चौकशी करायची, आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचं काम पाहणारी संस्था) आणि गरज पडेल तिथे. 'छोटा कार्यक्रम आहे, कोण विचारतंय' असं आपण करायचं नाही. २०१९ मध्ये भाटियांच्या ओढगस्तीच्या बातम्या आल्या होत्या त्या मी विसरलेले नाही. ९२ व्या वर्षी एवढ्या मोठ्या संगीतकाराच्या गाठीशी पैसा नसावा? २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, पण त्यांचं बहुतेक काम त्याच्या कितीतरी आधीचं. निदान त्यांच्या नावाने होणाऱ्या कार्यक्रमात तरी कुणाचा हक्क बुडायला नको.

जागेसाठी कालिदास कलामंदिर फार मोठं होईल. कुसुमाग्रज स्मारकातलं विशाखा सभागृह मला योग्य वाटतं. माइक न लावता आवाज पोचेल का, हे मात्र जाऊन बघायला हवं. आधी तासभर ऐकायचा कार्यक्रम, त्यात अंकुर, भूमिका, त्रिकाल, तमस, सरदारी बेगम यांतले निवडक तुकडे. निवेदन थोडं. मग मध्यंतर न घेता पठण आणि वृंदगान.

निफाडकर दादा, 'मेरो गाम'शिवाय हा कार्यक्रम होणार नाही आणि ते निवडायची, त्याबद्दल दोन शब्द बोलायची जबाबदारी तुमची. संगीतातलं कळत नाही ही सबब चालणार नाही.

निफाडकर

येतो. दूध घालून येईन, तेव्हा सकाळचा कार्यक्रम असेल तर नऊच्या पुढे ठेवा.

देवळालीकर_फौजी

पहिल्या चार ओळींचं काम झालंय. पुरुषांचा खालचा आवाज सहज निघाला, वरच्या दोन आवाजांना अजून दोन दिवस द्या. एक अडचण आहे. रेकॉर्डिंगची पट्टी आपल्या मुलांना झेपेल का? नाहीतर अर्धा-एक सूर खाली घेतो, लिहिताना मला दोन्ही सारखंच. सूरपेटी काका, तुमच्या मुली आरामात कुठपर्यंत जातात ते कळवा.

सूरपेटी

मुली काळी चारच्या पट्टीत गातात, वरच्या पंचमापर्यंत अडचण नाही. पण शरणपूरच्या पुरुषांना खाली किती जाता येतं ते ताईंकडून कळल्याशिवाय पक्कं करू नका.